मु. नंदाखाल

आयुष्यात मी सर्वांत जास्त वेळा काय लिहिलं असेल, तर माझा पत्ता. मु. नंदाखाल, पो. आगाशी, ता. वसई, जि. ठाणे. शाळेत बाईंनी पोस्टकार्डावर गिरवून घेतला, तेव्हापासून हात त्याच वळणाने जातो.

कॉलेजसाठी वसईला जाऊ लागलो तेव्हा या नावाची पहिल्यांदा थट्टा झाली. ‘नंदा खाली, मग वर कोण?’ हा विनोद पहिल्या वर्षी रोज आणि पुढे अधूनमधून ऐकला. मला मात्र खाल म्हटलं की खालाटी आठवते. पावसाळ्यात आमच्या केळीच्या बुंध्याशी पाणी किती दिवस उभं राहतं ते ज्याने पाहिलंय, त्याला आणखी व्युत्पत्ती कशाला?

थट्टा करणारे वसईचे होते, आणि त्यांच्या गावाचं नाव तर ज्याच्या हाती किल्ला त्याच्या जिभेवर! १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, त्यांनी तिचं बासाईं केलं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि बाजीरावांच्या नावाने ती बाजीपूर झाली. इंग्रजांनी बसीन केलं. आजोबा शेवटपर्यंत ‘बसीन रोडला उतरलो’ म्हणायचे. ३१ डिसेंबर १८०२ चा तह इंग्रजी पुस्तकात बसीनचा आणि आमच्या पुस्तकात वसईचा. परीक्षेत दोन्ही चालायचं. गंमत म्हणजे समुद्रात १९७६ मध्ये सापडलेलं वायूचं क्षेत्र अजून बसीनच आहे. आणि बाजीपूर? ते मी कुणाच्याच तोंडून ऐकलं नाही.

जिभेचा न्याय असा अजब असतो. किल्ल्याकडे जाताना रमेदी लागते. रेमेदियुस मातेच्या चर्चवरून पडलेलं पोर्तुगीज नाव, पण उच्चारताना एखाद्या मावशीला हाक मारल्यासारखं वाटतं. आमच्याकडचं पवित्र आत्म्याचं चर्च १५७३ चं. त्याचं पोर्तुगीज नाव ‘एस्पिरितु सांतु’, पण ते गावाला काही चिकटलं नाही. देऊळ, चर्च, बावखळ, पानवेली सगळं नंदाखालातच राहिलं.

पत्त्याची बाकीची शेपूट मात्र वळवळत राहिली. २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली. आपली गावं तिच्यात नकोत म्हणून हिरव्या पट्ट्यातली माणसं रस्त्यावर उतरली. मोर्च्यात मी होतो, तेव्हा याबाबत माझ्याकडून तटस्थपणाची अपेक्षा नको. मग १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. ठाणे खोडून पालघर लिहायला बाबांना दोन वर्षं लागली. बँकेच्या एका पासबुकावर तर ठाणे आणि पालघर दोन्ही आहेत, मध्ये तिरकी रेघ.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो आमच्या नंदाखालचे. जानेवारी २०२० मध्ये ते अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा वर्तमानपत्रात गावाचं नाव इतक्या वेळा छापून आलं की आई कात्रणं कापून दमली. ते संमेलन उस्मानाबादला भरलं होतं. आता उस्मानाबादचं धाराशिव झालंय, आणि २५ जुलै २०२४ ला फादरही गेले. आईच्या फाईलमध्ये मात्र उस्मानाबादच आहे. कात्रणात कोण दुरुस्ती करणार?

हल्ली पत्ता लिहावा लागत नाही. कुरिअरवाला फोन करतो, ‘विरार वेस्ट ना?’ मी म्हणतो, नंदाखाल. तो म्हणतो, ‘तेच ते.’ तेच ते नव्हे हो! पण त्याला समजावेपर्यंत पार्सल परत जायचं, म्हणून हो म्हणून टाकतो.

एक तक्रार उरते, तीही घरचीच. राजेळी केळी सोलून, उन्हात सुकवून, सोपटात गुंडाळून आमच्या अंगणात जी सुकेळी तयार होतात, ती बाजारात ‘आगाशीची सुकेळी’ म्हणून खपतात. आगाशी आमची पोस्टाची थोरली बहीण, तिच्याशी भांडण नाही. पण पुढच्या वेळी घ्याल तेव्हा विकणारीला विचारा, बाई, वाडी कुठली? ती नंदाखाल म्हणाली, तर एक पुडा जास्त घ्या.