नावे ठेवणारा माणूस

लोकांना नावे ठेवणे हा आपल्याकडे दुर्गुण समजला जातो, आणि तो आहेही. परंतु महाराष्ट्रात एक गृहस्थ असे होऊन गेले, की ज्यांनी आयुष्यभर नावे ठेवली आणि त्यामुळेच ते असंख्य लोकांच्या प्रेमाचे धनी झाले. त्यांनी नावे ठेवली ती माणसांना नव्हे, तर रानातल्या ज्या गोष्टींना मराठीत नावच नव्हते त्यांना. ते गृहस्थ म्हणजे मारुती चितमपल्ली.

त्यांचा जन्म सोलापूरचा, ५ नोव्हेंबर १९३२ चा. वनखात्याच्या नोकरीत त्यांची छत्तीस वर्षे गेली. नवेगाव, नागझिरा, मेळघाट ही अरण्ये त्यांनी पायांखाली घातली. बगळे, ढोकरी, पाणकावळे एकाच झाडावर दाटीवाटीने घरटी बांधतात, त्या वसाहतीला त्यांनी 'सारंगागार' हे नाव दिले आणि कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार'. हे काम त्यांनी केवळ टेबलाशी बसून केले नाही. आदिवासींजवळ, कोळ्यांजवळ, शेतकऱ्यांजवळ बसून त्यांनी शब्द वेचले, संस्कृत ग्रंथ चाळले आणि ते धन 'पक्षिकोशा'सारख्या ग्रंथांतून मराठी वाचकांच्या ओंजळीत घातले.

माझे गाव जोहे. पेण तालुक्यातील हे गाव गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. घरोघरी कारखाने; अंगणात माती, पडवीत साचे, आणि जिकडे पाहावे तिकडे रंगाची वाट पाहणाऱ्या पांढऱ्या मूर्ती. अशा गावात आम्हां दहाबारा जणांना पक्षी पाहण्याचा छंद जडला. आमच्यात एक मूर्तिकार आहेत, एक शिक्षक आहेत, एक टेम्पो चालवणारे आहेत आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुलीही आहेत. रविवारी पहाटे आम्ही खारजमिनीच्या बांधांवरून हिंडतो. कधी कर्नाळ्याच्या अभयारण्यात जातो. त्या अभयारण्यासाठीही चितमपल्लींनी पूर्वी काम केले होते, याचा आम्हांला मोठा अभिमान वाटतो.

गावाच्या कडेला एका कारखान्याच्या आवारात चिंचेचे जुने झाड आहे. पावसाळा तोंडावर आला, की बगळे तेथे वस्तीला येतात. मग पानांवर, कौलांवर विष्ठेचा सडा पडतो, अर्धवट खाल्लेले मासे खाली पडतात आणि दर्प सुटतो. मूर्ती भरून नेणाऱ्या गाड्या त्याच झाडाखाली उभ्या राहत. मालकांनी फांद्या तोडण्याचे ठरवले, ते काही दुष्टपणाने नव्हे. ते म्हणाले, "वर्षाची कमाई या मूर्तींवर आहे. ही घाण किती दिवस सोसायची?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

तेव्हा आमच्यातील एका मुलीने त्यांना विचारले, "काका, हे सारंगागार आहे. एवढी विणीची वेळ होईपर्यंत थांबाल का?"

"काय म्हणालीस? पुन्हा सांग."

तिने तो शब्द पुन्हा सांगितला, अर्थही सांगितला. मालकांनी एकदोनदा तो घोळवून पाहिला. शेवटी त्यांनी गाड्यांची जागा पलीकडे हलवली आणि फांद्या राहिल्या. एका शब्दाने सारे घडले असे मी म्हणणार नाही. त्या मुलीचा आर्जवी स्वरही कामी आला असेल. परंतु 'घाण' या नावाने ज्यावर कुऱ्हाड पडणार होती, त्याला दुसरे नाव मिळाले आणि ते वाचले, एवढे खरे.

१८ जून २०२५ रोजी चितमपल्ली सोलापूरला निवर्तले. वय ब्याण्णव. त्याच वर्षी त्यांना 'पद्मश्री' मिळाली होती. बातमी कळली आणि आमच्या लहानशा मंडळावर उदासी पसरली. मला याचेच नवल वाटले. आमच्यापैकी बहुतेकांनी त्यांना प्रत्यक्ष पाहिलेही नव्हते. ते आमचे ना सोयरे, ना गाववाले. सुतक पाळावे असे काही नाते नव्हते. मग डोळे का भरून यावेत? मूर्तिकार म्हणाले, "आपण रोज त्यांचेच शब्द बोलतो की. घरातले वडीलधारे माणूसच गेले म्हणायचे."

पुढच्या रविवारी आम्ही त्या चिंचेखाली जमलो. हार, तसबीर, भाषण यांतले काहीच नव्हते. पाऊस रिमझिमत होता. प्रत्येकाने त्यांच्या पुस्तकांतून शिकलेला एकेक शब्द सांगितला आणि मग आम्ही घरटी मोजली. मोजणी चुके, पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. परंतु घाई कोणालाच नव्हती.

पक्षिमित्रांचा हा परिवार मोठा आहे. आमच्याच रायगड जिल्ह्यात, किहीमच्या किनाऱ्याजवळ, १९३० साली डॉ. सलीम अली यांनी सुगरणींच्या घरट्यांचे बारकाईने निरीक्षण केले. सुगरणीचा नर अर्धे घरटे विणून मादीला दाखवतो, तिला ते पसंत पडले तर पुरे करतो आणि मग दुसरे विणायला घेतो, हे त्यांनी तेथे पाहिले. तेही २० जून १९८७ रोजी गेले. त्यांचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर. २०२० पासून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा 'पक्षी सप्ताह' पाळला जातो; त्याचा प्रारंभ चितमपल्लींच्या जन्मदिवशी आणि समारोप सलीम अलींच्या. पक्षिमित्रांनी या दोघांसाठी पुण्यतिथ्या न निवडता जन्मदिवस निवडले, हे मला फार उचित वाटते. त्या आठवड्यात मुले दुर्बिणी घेऊन तळ्याकाठी जातात. छंदाने जोडलेल्या माणसांचे श्राद्ध असेच असते: गेलेल्याचे काम उचलायचे आणि पुढे न्यायचे.

आम्हीही एक वही घातली आहे. गावातल्या वृद्धांकडे जायचे आणि पक्ष्यांची जुनी नावे विचारून लिहून घ्यायची. पुस्तकातल्या भारद्वाजाला आमच्या आजीबाई कुकुडकोंबा म्हणतात. ते नाव पहिल्या पानावर आहे. काही नावे एखाद्याच माणसाला ठाऊक असतात, आणि ते माणूस थकलेले असते. म्हणून आम्ही आता रविवारची वाट पाहत नाही. शाळा सुटली, की मुली वही घेऊन निघतात.