गिरणगावची जमीन कुणाच्या वाट्याला?

लोअर परळ स्थानकाबाहेर सेनापती बापट मार्गाला लागले की डोळे दिपून जातात. फिनिक्स गिरणीच्या जागी मॉल उभा आहे. कमला मिलच्या आवारात कचेऱ्या आणि महागडी हॉटेले आहेत. एकेकाळी मुंबईत ५८ गिरण्या होत्या, त्यांची जमीन सुमारे ६०० एकर. तिथे आपल्या आजोबा-पणजोबांनीही घाम गाळला. पण जास्त पगाराच्या साचाखात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. उरली ती जमीन. तिची वाटणी १९९१ साली विकास नियंत्रण नियमावलीच्या ५८ व्या नियमाने ठरली. गिरणीच्या जागेचा पुनर्विकास करायचा, तर ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन बागा-मैदानांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश सामान्यांच्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला.

पण २००१ साली हा नियम बदलला. आता वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची! गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते तरी किती? खाती आणि गोदामे ज्या जमिनीवर उभी होती, ती वाटणीतून सुटली. २००५ साली उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने कौल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

त्याचे फळ कामगारांच्या वाट्याला आले. घरासाठी अर्ज आले दीड लाखाच्या आसपास. २०१२ च्या पहिल्या सोडतीत घरे होती ६,९२५. पुढच्या सोडतीत काहींना घर लागले ते पनवेलजवळच्या कोन गावी. ज्यांनी परळ उभे केले, त्यांची मुले परळला पाहुणी झाली.

बंधू-भगिनींनो, आपले घर केवळ बिल्डर हिरावून नेत नाही. नियमातला एक शब्दही नेतो. शहराचा विकास आराखडा किंवा नियमातला बदल जाहीर होतो, तेव्हा हरकती-सूचनांसाठी मुदत असते. ती नोटीस वस्तीत मोठ्याने वाचा, शिकलेल्या मुलामुलींकडून समजून घ्या आणि मुदतीत लेखी हरकत नोंदवा. पोच घ्यायला विसरू नका.