पगाराचीही पट्टी वाचावी

कांद्याची गाडी बाजार समितीत नेली की आपण नुसता भाव ऐकून परत येत नाही. हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाऊन हातात किती आले, ते पट्टीवर पाहतो. मुलाला शहरात नोकरी लागते तेव्हा मात्र पगाराचा आकडा ऐकूनच पेढे वाटतो. ह्या पगाराचीही पट्टी करावी. त्यासाठी नाशिक आणि मुंबई ही दोन शहरे पाहू.

नाशिकला सातपूर-अंबडच्या कारखान्यांपाशी सकाळी उभे राहा. दिंडोरी, सिन्नरकडून मोटारसायकलींवर येणारी मुले दिसतील. पगार मुंबईपेक्षा कमी, पण रात्रीची भाकरी घरची. कोणी खोली घेऊन राहिला, तरी घरचे धान्य नेता येते आणि सुटीला येऊन पिकाला पाणी देता येते.

आता नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेसमध्ये बसा. कसारा घाट उतरून कल्याण आले की मुंबईच्या गर्दीची चुणूक मिळते. मुंबईतले भाडे झेपत नाही म्हणून पुष्कळ नोकरदार कल्याण, बदलापूर, विरारला राहतात. कल्याणहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जलद लोकललाही तासाहून अधिक वेळ लागतो. घर ते स्टेशन आणि स्टेशन ते कचेरी मिळवून रोजचे तीन तास धरा. २५ दिवसांचे झाले ७५ तास, म्हणजे आठ तासांचे नऊ दिवस! लोकलचा पास स्वस्त असतो, पण हे नऊ दिवस कोणत्याच हिशेबात लिहिले जात नाहीत.

सरकारही हा फरक मानते. केंद्र सरकारच्या नोकरांना जानेवारी २०२४ पासून घरभाडे भत्ता मुंबईत मूळ पगाराच्या ३० टक्के, तर नाशिकला २० टक्के ठरला. मूळ पगार ३० हजार असेल, तर ९ हजार आणि ६ हजार. खासगी नोकरीत हा हिशेब आपणच करायचा.

उदाहरणादाखल समजा, मुंबईत पगार ३० हजार. खोली १० हजार, जेवण ५ हजार, प्रवास दीड हजार. उरले साडेतेरा हजार. नाशिकला पगार २४ हजार. खोली ४ हजार, जेवण ४ हजार, प्रवास दीड हजार. उरले साडेचौदा हजार. पगार सहा हजारांनी कमी, शिल्लक मात्र हजाराने जास्त! आपल्या मुलाचे खरे आकडे घालून हीच मांडणी करा.

ह्याचा अर्थ मुंबईला जाऊच नये, असा नाही. काही कामे तेथेच शिकायला मिळतात आणि अनुभवाबरोबर पगारही चढतो. पहिली दोन वर्षे शिल्लक कमी राहिली, तरी पुढे ती भरून निघू शकते. मात्र ते समजून उमजून करावे. खोलीचे डिपॉझिट भरायला पिकाचा पैसा किंवा उसनवारी लागणार असेल, तर तीही पट्टीत मांडा.

आणखी एक सांगतो. मोठा आकडा ऐकून आपण दरमहा मोठ्या रकमेची वाट पाहतो. मूल संकोचाने काही बोलत नाही. एक वेळ वडापाववर काढते आणि पैसे पाठवते. तेव्हा नोकरीवर जाण्याआधीच एका संध्याकाळी, घरातल्या बायामाणसांसह, वही घेऊन मुलाजवळ बसा. "पगार किती?" ह्याच्यापुढे "उरणार किती, आणि तुझे पोट भरून उरणार ना?" हेही विचारा.