अडीच मण ज्वारी

वेळअमावस्येला औशात माणूस दिसत नाही. दुकानं बंद, रस्ते ओस, सगळं गाव शेतात. लातूर-धाराशिवकडचा हा सण लहानपणी मला भज्जी-आंबिलीसाठी आवडायचा. पुण्याहून परत आल्यापासून मात्र धास्ती वाटायची. कडब्याची एक कोप, तिच्याभोवती चाळीस नातेवाईक आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न: "मग, सध्या काय चालू हाय?"

२०२४ सालची अमावस्या ११ जानेवारीला आली. त्याच्या थोडं आधी तलाठी भरतीची गुणवत्ता यादी लागली होती. जागा ४,६४४ आणि अर्ज दहा लाखांहून जास्त. खुल्या गटाचं शुल्क हजार रुपये, ते मी भरलेलं. माझं नाव यादीत इतकं खाली होतं की शोधताना बोट दुखलं. पण शेतात चर्चा माझ्या गुणांची नव्हती. यादीत कुणाला तरी २०० पैकी २१४ पडले होते. परीक्षा बऱ्याच सत्रांत झाली, म्हणून सामान्यीकरण करतात, सोपा-अवघड पेपर एका मापात आणतात, त्यात गुण वर जाऊ शकतात, असं मी धाकट्या काकांना समजावत होते. काकांनी उंड्याचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "म्हंजी दोन मण पेरलं आन् सव्वादोन मण घरात आलं, तर त्याला आमी पीक म्हणतो. तुमी काय म्हणता?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत चार वर्षं काढून मी घरी आले होते. सकाळी सहाला इथली अभ्यासिका, दुपारी आईच्या हाताखाली, संध्याकाळी गल्लीतल्या पोरांची शिकवणी. भरतीची तयारी करणारी मुलं पहाटे हमरस्त्याच्या कडेनं सोळाशे मीटर पळतात. त्यांचं निदान दिसतं तरी. बसून वाचणाऱ्या माणसाला आपल्याकडे 'घरीच असते' म्हणतात.

आणि एक खूळ होतं: मोडी. पुण्यात असताना दहा दिवसांच्या वर्गाला गेले, ते एका मैत्रिणीला सोबत म्हणून. ती तिसऱ्या दिवशी यायची बंद झाली, मी अडकले. मोडीत आधी पानभर रेघ मारून घ्यायची आणि मग अक्षरं तिला लटकवत जायचं, लेखणी शक्यतो न उचलता. इकार सगळा दीर्घ, उकार सगळा ऱ्हस्व. शुद्धलेखनात आयुष्यभर मार खाल्लेल्या माणसाला हे माहेरच वाटतं. घरी आल्यावर सराव करायला कागद हवा होता. जुन्या प्रवेशपत्रांच्या मागच्या बाजू कोऱ्याच होत्या. वनरक्षकच्या पाठीवर बाराखडी, जिल्हा परिषदेच्या पाठीवर जोडाक्षरं. आई म्हणायची, "निदान कागद तरी कामाला आला."

त्या वर्षी आमच्या भागात या खुळाला एकदम भाव आला. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, आरक्षणासाठी निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मराठवाडाभर लोक माळ्यावरच्या पेट्या उघडू लागले. आत निघायचं ते उर्दूत किंवा मोडीत. थोरल्या बापूंनीही पेटी काढली होती. जेवणं झाल्यावर त्यांनी कोपीमागून पिशवी आणली, तीत धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली पानं. "बग. आपलं काय लिवलंय का."

भज्जीचे हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. चाळीस माणसं गप्प. वरती 'श्री', खाली साल: १३४१. पुतण्या ओरडला, "यादवांच्या नंतरचं हाय!" मीही क्षणभर चक्रावले. मग लक्षात आलं, हा फसली सन. निजामाच्या राज्यात महसूल त्यावरच चालायचा. ५९० मिळवले की १९३१. महिना 'आबान', म्हणजे फसली वर्षाचा शेवटचा. तो धरला तर १९३२ चा पावसाळा संपता संपता, रब्बीच्या पेरणीआधी.

पुढे अक्षर घाईचं होतं. 'जोंधळे' लागलं. 'बियाणे' लागलं. पणजोबांचं नाव लागलं, तेव्हा आत्यानं पदर डोळ्याला लावला. पुढे दोनचा आकडा आणि त्याला लागून दोन उभ्या रेघा. पूर्णविराम समजून मी वाचलं, "जोंधळे मण दोन दिले, सवाईने मण दोन घेणे." वाचताना माझं मलाच खटकलं. सवाईनं दिलेलं बी सुगीला पाव हिस्सा वाढून परत यायला हवं.

बापूंना मोडी येत नाही. त्यांनी मान पुढं केली. "त्या रेघा कशाच्या?"

"विराम असेल."

"विराम न्हाई. दोन उभ्या रेघा म्हंजी आर्धा. अडीच मण. आमच्या बाच्या चोपडीत आसंच आसायचं."

पावकी-निमकी मला वर्गात शिकवली होती, तक्ता तोंडपाठ होता. तरी शेतात बसून ती पानावर ओळखली बापूंनी. दोन मण नेले, सुगीला अडीच द्यायचे. हिशेब जुळला.

जातीचा शब्द कुठेच नव्हता. मी पान उलटं केलं, उजेडाला धरलं. नव्हताच. निघालं एवढंच, की पणजोबांकडे त्या साली पेरायला बी नव्हतं. काही चेहरे उतरले. दादा उठून बांधाकडे गेला. त्याच्या पोराच्या प्रवेशाचा हिशेब त्याच्या डोक्यात होता आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं.

बापू तसेच बसले होते. "फेडली का पण?"

ते दुसऱ्या पानावर असणार. उरलेलं बाड किल्लारीच्या भूकंपात, १९९३ मध्ये, गावातल्या घराच्या माळवदाखाली गेलं. बापूंनी ढिगाऱ्यातून जे काढलं ते हेच, वीस-बावीस पानं, त्यांतली निम्मी एकमेकांना चिकटलेली. मी एक कोपरा नखानं उचलून पाहिला. कागद पापडासारखा वाजला.

"वाफ द्यावी लागेल," मी म्हणाले. "आज नाही व्हायचं."

अंधार पडायला लागला तशी पोरं हेंडगा पेटवून शेताभोवती पळायला लागली. सामान गाडीत चढलं, आंबिलीचा रिकामा माठ माझ्या मांडीवर. पिशवी बापूंनी माझ्याकडेच दिली. गाडी लामजना रस्त्याला लागली तेव्हा ते पुढच्या सीटवरून मागे वळले.

"मग, पुढचं पान कवा वाचतीस?"