चिकूवाडीतलं धनसाक

हैनान बेटावरचे चिनी लोक थायलंडला गेले, तेव्हा त्यांचा कोंबडी-भातही सोबत गेला. आपल्या डहाणूतही असंच घडलं बरं का! इराणातून आलेल्या कुटुंबांनी इथे चिकूच्या वाड्या केल्या. डहाणू रोडच्या पुढचं स्टेशन घोलवड. तिथल्या आणि बोर्डीच्या काही वाड्यांत, आधी कळवलंत तर, धनसाक मिळतं. डाळी, भोपळा, वांगी घोटून त्यात शिजवलेलं मटण किंवा कोंबडी आणि सोबत परतलेल्या कांद्याचा तपकिरी भात. अहाहा!

तलासरीच्या माझ्या वर्गात एकीने विचारलं, "बाई, लग्नात पण करतात?" छे! पारशांकडे घरात कुणी वारलं की तीन दिवस मांस वर्ज्य. चौथ्या दिवशी धनसाक. एरवी रविवारी चालतं. तेव्हा वाढदिवसाला मात्र मागू नका हं!