आपट्याच्या गावी

दसऱ्याच्या संध्याकाळी आपण सारेच श्रीमंत होतो. खिसे सोन्याने फुगलेले असतात आणि दारोदार "सोने घ्या, सोन्यासारखे राहा" असे म्हणत ते सोने आपण सढळ हाताने वाटीत सुटतो. मी कॉलेजात मराठी शिकवतो. दर आश्विनात वर्गात कौत्साची गोष्ट सांगायची, हा माझा गेल्या अठरा वर्षांचा परिपाठ. वरतंतू ऋषींच्या या शिष्याने गुरुदक्षिणेचा फार हट्ट धरला, तेव्हा गुरूने चिडून चौदा विद्यांच्या चौदा कोटी सुवर्णमुद्रा मागितल्या. सर्वस्व दान करून बसलेल्या रघुराजाकडे कौत्स गेला आणि रघूने कुबेरावर स्वारी करण्याचे ठरविले. ही हकीकत कालिदासाने 'रघुवंशा'च्या पाचव्या सर्गात सांगितली आहे. कालिदासाचा कुबेर राजाचा कोषागार भरून टाकतो. पण आपल्या आजीच्या गोष्टीतला कुबेर मात्र आपट्याच्या झाडावर सोन्याचा पाऊस पाडतो.

ही गोष्ट मी रंगवून सांगतो, अशी माझी ख्याती आहे. पण ज्या झाडावर ते सोने पडले ते झाड तुम्ही पाहिले आहे काय, असे मला कोणी कधी विचारले नव्हते. मीही स्वतःला विचारले नव्हते. गेल्या वर्षी आपटा नावाच्याच गावी हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला आणि माझी चांगलीच फजिती झाली. तिची ही हकीकत.

आमचे कॉलेज मध्य रेल्वेवरच्या एका गजबजलेल्या उपनगरात आहे. खिडकीतून पाहिले तर समोर दुसऱ्या इमारतीची खिडकी दिसते. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली आदेश दिला आणि त्यानंतर पर्यावरण हा विषय सगळ्याच शाखांच्या विद्यार्थ्यांना शिकावा लागू लागला. अभ्यासक्रमात नदी, टेकडी, रान प्रत्यक्ष पाहून टिपणे करावीत असेही लिहिले आहे. पुष्कळ ठिकाणी हे 'प्रत्यक्ष पाहणे' गेल्या वर्षीच्या मुलाच्या वहीवरून होते, ही गोष्ट वेगळी! आमच्या वनस्पतिशास्त्राच्या बाई मात्र या बाबतीत कडक. त्या मुलांना खरोखरीच रानात नेतात. सोबत दुसरे एक प्राध्यापक लागतात. नेहमीचे सोबती आजारी पडले म्हणून त्यांनी मला गळ घातली.

"रानात माझे काय काम?" मी म्हटले.

"वा! झाडांची मराठी नावे कोणी सांगायची, सर?"

मी खूष झालो. पुढे काय वाढून ठेवले आहे याची मला काय कल्पना!

दसरा आठवड्यावर आला होता. दिव्याला गाडी बदलून आम्ही रोह्याच्या गाडीत बसलो. पनवेल मागे पडले, सोमटणे आणि रसायनी गेले आणि आपटा आले. १९६६ साली हा लोहमार्ग पनवेलहून येथवर आला आणि पुढे वीस वर्षे येथेच थांबला; रोह्यापर्यंत तो गेला १९८६ साली. स्थानक लहान, भोवती झाडी आणि मागे डोंगर. मुले उतरली ती एकदम ओरडलीच. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' या १९९५ सालच्या चित्रपटाचा शेवटचा प्रसंग, ज्यात नायिका चालत्या गाडीमागे धावते, तो येथे चित्रित झाला आहे. मग काय, प्रत्येक मुलीला धावायचे होते आणि प्रत्येक मुलाला हात पुढे करायचा होता. बाईंनी घड्याळाकडे पाहून बरोबर दहा मिनिटे दिली.

नंतर आम्ही पाताळगंगेच्या काठी गेलो. बाईंनी मुलांना विचारले, "ही नदी ऐन वैशाखातही वाहती असते. असे का असेल?" कोणी झरे म्हणाले, कोणी धरण. उत्तर निघाले ते घाटमाथ्यावरचे! लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचे पाणी नळांतून खाली खोपोलीला येते, तेथे १९१५ पासून टाटांच्या केंद्रात वीज निर्माण करते आणि काम संपले की पाताळगंगेत सोडले जाते. मुंबईचे दिवे लावून झाल्यावर उरलेले पाणी या नदीला मिळते, आणि त्याच पाण्याच्या आधाराने रसायनीचे कारखाने उभे राहिले. चाळीस मुले नदीकडे टक लावून पाहत होती. वर्गात हे मी फळ्यावर लिहिले असते तर त्यांनी फळ्याकडे तरी पाहिले असते की नाही, शंकाच आहे.

गावाबाहेरच्या उतारावर गावकऱ्यांच्या संमतीने मुख्य काम सुरू झाले. दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद अशी चौकट सुतळीने आखायची, तिच्यातले प्रत्येक झाड मोजायचे, छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मापायचा आणि सारे वहीत उतरवायचे. साग, ऐन, खैर, पळस, कुडा अशी नावे पडू लागली. खैरापाशी मला संधी मिळाली. याच्या गाभ्यापासून कात काढतात आणि तो काढणारे ते कातकरी, असे मी सांगितले. वाट दाखवायला आलेले कातकरवाडीतले म्हातारबाबा माझ्याकडे पाहून हसले. ते हसणे शाबासकीचे असावे, अशी मी समजूत करून घेतली.

मग मला चेव आला. म्हटले, गाव आपट्याचे आणि आपटा पाहायचा नाही म्हणजे काय? उताराच्या कडेला एका आवाराशी जोडपानांचे एक झाड उभे होते. मी एक पान तोडले, मुलांना भोवती गोळा केले आणि कौत्साची गोष्ट सुरू केली. रघू कुबेराकडे निघाला, सोन्याचा पाऊस पडू लागला, आणि मी ते पान उंच धरून म्हणालो, "तो पाऊस पडला तो या झाडावर!"

"सर, हा आपटा नाही. कांचन आहे."

आवाज मागून आला होता आणि अगदी हळू होता. बोलणारी मुलगी माझ्याच वर्गातली. पेणकडच्या एका वाडीतून आलेली, नेहमी शेवटच्या बाकावर बसणारी. वर्षभरात तिने वर्गात तोंड उघडल्याचे मला आठवत नव्हते.

"कशावरून?" मी विचारले. माझ्या आवाजात किंचित धार असावी.

"पान मोठे आहे, सर. याला गुलाबी फुले येतात. या कळ्या पाहा ना. आपट्याला उन्हाळ्यात येतात, पांढुरकी, बारीक. आपट्याचे पान लहान, जाडसर. आणि ते लांबीपेक्षा रुंदीला जास्त असते."

मी बाईंकडे पाहिले. बाई अतिशय सभ्य. त्या झाडाच्या शेंड्याकडे पाहू लागल्या. पण मुले सभ्य नव्हती. हशा पिकला तो पार नदीपर्यंत ऐकू गेला असेल!

मुलगी चौकटीपलीकडे गेली आणि एका वाकड्या, खरबरीत सालीच्या, फांद्या खाली झुकलेल्या झाडापाशी उभी राहिली. आपटा तो! दिसायला अगदी सामान्य. नाव ठाऊक नसते तर मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते. बाईंनी पान उलटे करून त्याची फिकट पाठ दाखविली. त्या म्हणाल्या, शास्त्रात आपटा आणि कांचन दोघांच्याही कुळीला 'बाउहिनिया' असे नाव आहे. बाझेल गावी योहान आणि कास्पार बाउहिन हे दोघे वनस्पतिशास्त्रज्ञ भाऊ होऊन गेले. एका देठावरची ही जोड पाहून त्यांच्या आठवणीसाठी ते नाव दिले. शहरांतल्या बाजारात दसऱ्याला आपटा म्हणून कांचनाची पाने सर्रास विकली जातात, हेही त्यांनी सांगितले. म्हणजे अठरा वर्षे मी लोकांना खोटे सोने वाटीत आलो की काय, कोण जाणे!

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जवळच्याच कर्नाळ्याच्या अभयारण्यात गेलो. १९६८ साली साडेचार चौरस किलोमीटरांहूनही लहान असलेले हे पक्ष्यांचे रान २००३ मध्ये वाढवून बारा चौरस किलोमीटर करण्यात आले. मुंबई-गोवा महामार्ग त्याच्या पोटातून जातो. मोटारींची घरघर आणि कोतवालाची शीळ एकाच वेळी कानी पडते. वर किल्ल्याचा उभा काळा सुळका. येथे पानही तोडायचे नाही असा कायदा. फक्त ऐकायचे आणि लिहायचे. ती मुलगी आता पुढे चालत होती आणि चार-पाच मुली तिला दर दहा पावलांवर "हे काय, हे काय" असे विचारीत होत्या. माझे मन मात्र रमत नव्हते. मला एक निबंध आठवत होता.

जुलैमध्ये मी वर्गाला 'पावसाळ्यातील एक दिवस' लिहायला सांगितले होते. या मुलीने लिहिले होते की आवणीच्या दिवसांत आई पहाटेच उठते. 'आवणी' या शब्दावर मी तांबडी रेघ मारली होती आणि वर 'लावणी' असे लिहिले होते. 'राब' या शब्दापुढे प्रश्नचिन्ह काढले होते. भाताची रोपे उपटून चिखलात लावणे म्हणजे आवणी, आणि पेरणीपूर्वी पालापाचोळा अंथरून जमीन भाजणे म्हणजे राब. हे दोन्ही शब्द तिच्या घरात पिढ्यान् पिढ्या नांदत आले आहेत. कोश उघडण्याचेही कष्ट न घेता मी ते खोडले होते आणि तिला दहापैकी चार गुण दिले होते. मग तिने वर्गात तोंड का उघडावे?

परतीच्या गाडीत मी तिला म्हटले, "अगं, तुझी ती निबंधाची वही उद्या घेऊन ये."

ती घाबरली. "का, सर?"

"माझी चूक सुधारायची आहे."

तिने वही आणली. मी माझ्या तांबड्या रेघेवर निळी रेघ मारली आणि खाली सही केली. गुण किती केले ते सांगत नाही.

बाईंचा एक नियम आहे: रान एकदाच पाहिले तर ती सहल होते, त्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा गेलो तर अभ्यास होतो. खंडाळ्याच्या वनस्पतींवर सेंट झेवियर कॉलेजच्या फादर सांतापाव यांचा ग्रंथ १९५३ साली निघाला. त्याच्यामागे त्याच डोंगरांवरच्या अनेक वर्षांच्या फेऱ्या आहेत. इंग्लंडात ऑक्सफर्ड विद्यापीठाचे वायथॅम नावाचे रान आहे. तेथे एका जातीच्या चिमुकल्या पक्ष्यांच्या घरट्यांची नोंद १९४७ पासून आजवर चालू आहे. आम्हांला एवढे कोठले? पण दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही पुन्हा आपट्याला गेलो, त्याच चौकटीत.

आमच्या चौकटीत आणि भोवताली मिळून सात आपटे नोंदले होते. सातही जागेवर होते. पण चारांच्या फांद्या मोडलेल्या, साल ओरबाडलेली, एकाचा तर शेंडाच नाहीसा झालेला. दसरा होऊन गेला होता. 'सोने लुटणे' हा वाक्प्रचार मी वर्गात कितीदा तरी समजावून दिला आहे. त्यातल्या 'लुटणे' या क्रियापदाचा शब्दशः अर्थ मला त्या दिवशी दिसला. मुले गप्प उभी होती. म्हातारबाबा म्हणाले, "पोती भरून नेतात. टेंपो येतो." चौदा कोटी मुद्रांनी तृप्त झालेल्या कौत्साने वरचे सोने घरी नेले नव्हते; ते लोकांना वाटून टाकले. आम्ही मात्र झाडच वाटून टाकायला निघालो आहोत.

मार्गशीर्ष सरता सरता तिसरी फेरी झाली. त्या वेळी वाळलेल्या शेंगा म्हातारबाबांच्या देखत वेचून आणल्या. आमच्या कॉलेजच्या मागे मोडक्या बाकांची अडगळ टाकण्याची जागा होती. प्राचार्यांच्या मागे लागून बाईंनी ती मोकळी करून घेतली. यंदा मृगाच्या सुमारास बिया गरम पाण्यात भिजवून पिशव्यांत पेरल्या. त्या मुलीच्या हाताला यश असावे. अकरा रोपे जगली. वीतभर उंचीची ती रोपे आणि त्यांवर दोन बोटे जोडल्यासारखी इवलीइवली पाने! याला राखीव वन म्हटले तर वनखाते हसेल. पण आता मराठीचा एखादा तास तेथे होतो. प्रत्येकाने पुस्तकात नसलेला, घरात मात्र बोलला जाणारा एक शब्द आणायचा, असा पाठ मी दिला आहे. आजवर बावन्न शब्द वहीत जमले आहेत. त्यांतला पहिला 'आवणी'.

यंदाच्या दसऱ्याला मी घरी पाने आणली नाहीत. मुलांनी कुरकुर केली, तेव्हा त्यांना कॉलेजात नेऊन रोपे दाखविली आणि नुसता नमस्कार करायला लावला. कौत्साची गोष्टही सांगितली. एका शिष्येने गुरूला काय दिले ते शेवटी जोडून.

दिवाळीच्या सुट्टीत वाचकांना सवड असेल तर दिव्याहून किंवा पनवेलहून रोह्याची गाडी धरावी आणि आपट्याला उतरावे. मुलांना फलाटावर दहा मिनिटे धावू द्यावे. मग नदीकाठी न्यावे, आणि आपटा कोणता आणि कांचन कोणता ते गावातल्याच कोणाला तरी विचारावे. पान मात्र झाडावरच राहू द्यावे. बरोबर एखादी वही असावी. गावकऱ्याच्या तोंडून नवा शब्द निघाला तर तो लिहून घ्यायला विसरू नये.