हवाई अंतर आणि वाऱ्याचा हिशेब

दोन विमानतळांमधील अंतर ठरलेले असते, पण ते कापायला लागणारा वेळ कधीच ठरलेला नसतो. तरीही अंतराला वेगाने भागले की झाले, हे शाळेतले गणित विमानप्रवासालाही सर्रास लावले जाते आणि मग वेळापत्रकावर विनाकारण ठपका येतो.

अंतराची बाजू सोपी आहे. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने तिच्या पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटते त्याला बृहद्वृत्त म्हणतात आणि त्याचा कंस हाच दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळचा मार्ग होय. या मापाने नागपूरपासून मुंबई सुमारे ६८०, दिल्ली ८५०, चेन्नई ९१० आणि कोलकाता ९८५ किलोमीटरवर आहे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली तेव्हा या चारही शहरांची विमाने मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येऊन टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत, त्यामागे नागपूरचे हे मध्यवर्ती स्थानच होते.

वेळेचा हिशेब मात्र हवेत होतो. विमानाचा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत मोजला जातो. जमिनीच्या तुलनेतील वेग काढण्यासाठी त्यात वारा मिळवावा किंवा वजा करावा लागतो. ताशी ८०० किलोमीटरने जाणाऱ्या विमानाला हिवाळ्यात ताशी १०० किलोमीटरचा पश्चिमी वारा मिळाला, तर मुंबई-नागपूर अंतर ४५ मिनिटांत कापले जाते, तर परतीला ५८ मिनिटे लागतात. त्यात धावपट्टीपर्यंतचे सरकणे, चढण, उतरण आणि मुंबईच्या आकाशातील प्रतीक्षा मिळवली की वेळापत्रकात दीड तासाच्या आसपासचा आकडा दिसतो; मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्यामुळे त्या एकाच वेळी वापरता येत नाहीत, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणून हा फरक पडतो, हा समज कितीही वेळा खोडला तरी पुन्हा डोके वर काढतो. नागपूरची जमीन ताशी सुमारे १,५५० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे सरकत असली, तरी हवाही तिच्याबरोबरच फिरते. ती मागे राहिली असती तर शहरात एक भिंतही उभी राहिली नसती. परिवलनाचा परिणाम अप्रत्यक्ष आहे: विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जाणारी उंचावरची हवा त्यामुळे पूर्वेकडे वळते आणि जेट वारे नावाचे वेगवान प्रवाह तयार होतात. पावसाळ्यात तर तिबेटचे पठार तापल्याने उत्तर-दक्षिण तापमानाचा उतार उलटतो आणि दक्षिण भारतावर उंचावरचे वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहू लागतात. हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये या पूर्वीय जेट वाऱ्यांची शास्त्रीय मांडणी केली. पृथ्वी तर बाराही महिने एकाच दिशेने फिरते, मग वारा उलटतो कसा, या प्रश्नाला त्या लोकप्रिय समजाकडे उत्तर नाही.

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को उड्डाण अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले, तेव्हा मार्ग सुमारे १,४०० किलोमीटरने लांबला आणि प्रवास मात्र सुमारे दोन तासांनी कमी झाला. तेव्हाही श्रेय पृथ्वीच्या फिरण्याला दिले गेले. वास्तविक ते पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याचे आणि तो ओळखणाऱ्या उड्डाण-नियोजकांचे होते. वाऱ्याचे अंदाज वाचून मार्ग, उंची आणि इंधन ठरवणारी ही मंडळी प्रवाशाला कधी दिसत नाहीत. पण तिकिटावर छापलेली पोहोचण्याची वेळ खरी ठरते ती त्यांच्यामुळे.